जेऊर येथील खग्रास सूर्यग्रहण (१८९८)

जेऊर येथील खग्रास सूर्यग्रहण हे शनिवार, २२ जानेवारी १८९८ (पौष अमावास्या, शके १८१९) रोजी दिसलेले सूर्यग्रहण होय. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर या गावी देशी-विदेशी खगोलशास्त्रज्ञांनी त्याचे वेध घेतले. महाराष्ट्रातील आधुनिक खगोलनिरीक्षणाच्या इतिहासात या घटनेला महत्त्वाचे स्थान आहे.

ग्रहणपट्टा

चंद्राच्या गडद छायेचा भूपृष्ठावरील मार्ग म्हणजे खग्रास ग्रहणाचा पट्टा. १८९८ साली हा पट्टा कोकणात विजयदुर्गजवळ भूमीवर आला आणि जेऊर, विदर्भातील पुलगाव, मध्य भारतातील शहडोल व बिहारमधील बक्सर या मार्गाने ईशान्येकडे गेला. त्याची रुंदी शंभर किलोमीटरांहून कमी होती. पुणे व शिरूर ही गावे पट्ट्याबाहेर राहिल्याने तेथे ग्रहण खंडग्रास दिसले. दौंड पट्ट्याच्या वायव्य कडेच्या जवळ होते. पुणे–दौंड–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर मात्र मध्यरेषेनजीक होते. अवजड उपकरणे रेल्वेने नेता येत असल्याने ते वेधासाठी सोयीचे ठरले.

खंडग्रास व खग्रास यांतील भेद केवळ प्रमाणाचा नव्हे. सूर्यबिंबाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तरी त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या हजारो पट असतो. प्रभामंडल (करोना) त्या तेजात लोपते. ते पाहण्यासाठी पट्ट्याच्या आत असणे अनिवार्य ठरते.

जेऊर येथील वेध

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सहकाऱ्यांसह येथे शिबिर उभारले व सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांनी चाळीस फूट (सुमारे १२ मीटर) नाभीय अंतराच्या कॅमेऱ्याने प्रभामंडल टिपले. जपानी शास्त्रज्ञांचे पथकही येथे आले होते. खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटांच्या आसपास टिकली. महिनोन्‌महिन्यांची तयारी या दोन मिनिटांत सार्थकी लागायची होती. कोरड्या ऋतूतील निरभ्र आकाशाने ती लागलीही.

विजयदुर्ग आणि हेलियम

याच ग्रहणाचे वेध नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग येथे घेतले. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ त्यांच्या नावाशी जोडले जातात. लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात याच किल्ल्यावर हेलियम शोधला, असा समज प्रचलित आहे. परंतु तो इतिहासाशी जुळत नाही. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथे वेध घेतले. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा सोडियमची नसून नव्या मूलद्रव्याची असल्याचा निष्कर्ष पुढे निघाला. पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये, म्हणजे विजयदुर्गच्या वेधांपूर्वीच, सापडला होता. यामुळे विजयदुर्गचे महत्त्व उणावत नाही. त्याचे खरे वर्ष १८९८ आहे, एवढेच.

नंतरची ग्रहणे

१६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाचा पट्टा उत्तर कर्नाटकातून गेला. त्या दिवशी महाराष्ट्रात ग्रहण खंडग्रास होते. तरीही भीतीपोटी अनेकांनी घराबाहेर पडण्याचे टाळले. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचा पट्टा नंदुरबार परिसरावरून गेला. मात्र पावसाळी ढगांनी अनेक ठिकाणी निराशा केली. भारतातून दिसणारे पुढील खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ रोजी असून त्याचा पट्टा देशाच्या उत्तर टोकावरून जाईल.

निरीक्षणातील दक्षता

खंडग्रास अवस्थेत सूर्याकडे केवळ प्रमाणित सौरगाळणीतूनच पाहावे. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म किंवा पाण्यातील प्रतिबिंब सुरक्षित नसते. दृष्टिपटलाला वेदना न होता कायमची इजा होऊ शकते. पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून कागदावर पाडलेली प्रतिमा पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी सोपा व निर्धोक मार्ग आहे. सूर्यबिंब पूर्ण झाकले असतानाच नुसत्या डोळ्यांनी पाहता येते आणि ही मुभा केवळ पट्ट्याच्या आतील निरीक्षकालाच असते. पहिला प्रकाशबिंदू (हिऱ्याची अंगठी) पुन्हा चमकताच गाळणी डोळ्यांवर घ्यावी.