कथिलाचा लॉर्ड वॉर्डन

चर्चच्या मनोऱ्यातील घंटेचा नाद ऐकून ज्यांची सकाळ उजाडते त्यांना ती घंटा कशाची केलेली असते हे ठाऊक असतेच असे नाही. घंटेचा धातू म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. त्यात साधारण पाचवा हिस्सा कथिलाचा. तांबे एकटे असले तर ठोका पडतो, पण नाद घुमत नाही. तो घुमतो कथिलामुळे. हेच कथील आपल्याकडे कल्हईच्या रूपाने तांब्या-पितळेच्या भांड्यांत उतरले आणि कितीएक पिढ्यांचे अन्न त्याने कळकण्यापासून वाचवले. मध्ययुगीन युरोपला लागणाऱ्या कथिलाचा मोठा भाग इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांतून येत असे. त्या कथिलावर आणि ते काढणाऱ्या माणसांवर देखरेख ठेवण्यासाठी इंग्लंडच्या राजाने ११९८ साली एक अधिकारी नेमला. लॅटिन भाषेत कथिलाला ‘स्टॅनम’ म्हणतात. त्यावरून कथिलाच्या प्रदेशाला ‘स्टॅनरी’ हे नाव पडले आणि तो अधिकारी पुढे ‘लॉर्ड वॉर्डन ऑफ द स्टॅनरीज’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या पदाचा इतिहास कॅथलिक वाचकांपुढे मांडावा असे आम्हांला वाटले त्याला कारण आहे. या पदावर प्रारंभी एक धर्मसेवक होता. साडेतीनशे वर्षांनी त्याच पदावरचा माणूस मिस्साबलिदानासाठी उठलेल्या प्रजेवर सैन्य घेऊन चालून गेला.

प्रथम त्या भूमीविषयी थोडेसे. कॉर्नवॉल हा तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला, वाऱ्याने झोडपलेला, खडकाळ मुलूख. तेथील लोकांची भाषा इंग्रजीहून अगदी वेगळी. वेल्स आणि ब्रिटनी येथील भाषांची ती बहीण. कथील काढणाऱ्यांना ‘टिनर’ म्हणत आणि त्यांचा आश्रयदाता संत पिरान. दंतकथा अशी की आयर्लंडहून आलेल्या या संताने चूल पेटवली, तेव्हा चुलीच्या काळ्या दगडातून पांढरे शुभ्र कथील वितळून क्रुसाच्या आकारात बाहेर आले. कॉर्नवॉलच्या ध्वजावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रूस आहे तो त्यावरूनच, असे सांगतात. ५ मार्च हा त्या संताचा सण, आणि त्या दिवशी टिनर हातात कुदळ धरीत नसत. त्या काळी खोल खाणी फारशा नव्हत्या. माळरानावरच्या ओढ्यांची पात्रे खणायची, पाणी वळवून वाळू धुवायची आणि तळाशी उरलेले जड खनिज पीटच्या कोळशावर वितळवायचे, अशी रीत होती. वळवलेल्या या पाण्याचा आणि त्याबरोबर वाहून जाणाऱ्या गाळाचा वाचकांनी विसर पडू देऊ नये. पुढे त्यावरून एक मोठे प्रकरण उद्भवले.

११९८ साली राजा रिचर्ड याला पैशांची निकड होती. त्याच्या सुटकेसाठी दिलेल्या खंडणीने राज्याचा खजिना आधीच रिता झाला होता आणि फ्रान्समधील युद्ध चालूच होते. राज्याचा कारभार तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप ह्युबर्ट वॉल्टर पाहत होते. विल्यम ऑफ रोथम या गृहस्थांना कथिलाच्या कामावर नेमण्यात आले. हे विल्यम ख्रिस्तसभेच्या सेवेतले. पुढे ते टाँटनचे आर्चडीकन, म्हणजे बिशपांच्या वतीने धर्मप्रांताच्या एका भागाचा कारभार पाहणारे अधिकारी झाले, आणि राजाच्या आरमाराचीही व्यवस्था त्यांनी पाहिली. एक्झिटर आणि लाँस्टन येथे त्यांनी जाणत्या टिनरांचे पंच बसवले, कथिलाची वजने कोणती आणि रूढी काय हे त्यांच्याच तोंडून शपथेवर वदवून घेतले आणि मग दुसऱ्यांदा वितळवलेल्या कथिलावर नवा कर बसवला. कर वाढला हे खरे. परंतु लोकांचा कायदा लोकांनाच विचारून लिहून घ्यायचा ही रीत आम्हांला लक्षणीय वाटते.

तीन वर्षांनी, १२०१ मध्ये, राजा जॉनने टिनरांना सनद दिली. जॉन हा इतिहासात बदनाम झालेला राजा, आणि ती बदनामी बहुतांशी त्याने कमावलेली आहे. तरीही ही सनद वाचताना क्षणभर थांबावे लागते. त्या काळचा इंग्रज शेतकरी बहुधा भूदास असे. जमीनदाराची जमीन सोडून जाण्याची त्याला मुभा नव्हती. सनदेने जाहीर केले की टिनर हा स्वतंत्र मनुष्य आहे आणि भूदासपणाचा दावा त्याच्यावर चालणार नाही. त्याचा न्याय वॉर्डनच करील. कथील आणि इंधनाची माती तो माळरानावर कोठेही खणील. बिशप, मठाधिपती आणि उमराव यांच्या जमिनीवरसुद्धा. हातात कुदळ घेतलेल्या गरिबाला बिशपांच्या कुरणात खणण्याचा हक्क राजाने दिला! मठांना हे रुचले नसणार, आणि आपले कूळ कुदळ खांद्यावर टाकून माळाकडे निघून जाते याचा जमीनदारांना रागही आला. राजाचा हेतू परोपकाराचा नव्हता हे उघड आहे. टिनर जितके अधिक तितके कथील अधिक, आणि कथील अधिक तितका कर अधिक. पण हेतू काही असो, सनदेच्या आधाराने माणसे स्वतंत्र झाली, आणि या स्वातंत्र्याचा राखणदार म्हणून वॉर्डन उभा राहिला.

१३०५ मध्ये पहिल्या एडवर्डने डेव्हन आणि कॉर्नवॉल यांना वेगवेगळ्या सनदा दिल्या. आता प्रत्येक कथिलाची लगड ठरलेल्या गावी आणणे भाग होते. डेव्हनमध्ये टॅव्हिस्टॉक, ॲशबर्टन, चॅगफर्ड. कॉर्नवॉलमध्ये लॉस्टविथियल, बॉडमिन, लिस्कर्ड, ट्रुरो आणि हेल्स्टन. तेथे वॉर्डनचे अधिकारी लगडीचा कोपरा तासून कस पाहत, वजन करीत, कर घेत आणि मगच शिक्का मारीत. कोपऱ्याला जुन्या फ्रेंच भाषेत ‘कॉइन’ म्हणतात; म्हणून या विधीला ‘कॉइनेज’ असे नाव. कॉर्नवॉलमध्ये हंड्रेडवेटमागे, म्हणजे सुमारे पन्नास किलोंमागे, ४ शिलिंग कर पडे. डेव्हनमध्ये त्याहून बराच कमी. १३३७ मध्ये राजपुत्र एडवर्डसाठी कॉर्नवॉलची डची निर्माण झाली आणि हे उत्पन्न राजाच्या थोरल्या मुलाकडे गेले. वॉर्डनही त्याचाच सेवक ठरला.

कॉइनेज वर्षातून ठरावीक वेळीच होई. शिक्का नसलेले कथील विकता येत नसे. मधल्या महिन्यांत टिनरने खायचे काय? तो व्यापाऱ्याकडून उचल घेई, आणि शिक्का पडण्यापूर्वीच त्याचे कथील व्यापाऱ्याच्या पदरात गेलेले असे. सनदेने स्वतंत्र केलेला माणूस असा कर्जाने बांधला गेला. आपल्या कोळी बांधवांना आणि बागायतदारांना हे व्याजाचे गणित कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वॉर्डनच्या सत्तेची काळी बाजू पाहायची तर डेव्हनमधील लिडफर्डच्या किल्ल्यात जावे लागते. तेथे स्टॅनरीचा तुरुंग होता. सकाळी फाशी आणि दुपारी चौकशी, अशी त्या न्यायाची कुप्रसिद्धी होती. १५१२ साली पार्लमेंटचे एक सभासद रिचर्ड स्ट्रोड, जे स्वतःही टिनर होते, त्यांनी एक विधेयक मांडायचे ठरवले. टिनरांच्या धुलाईतून वाहणाऱ्या गाळाने डेव्हनची बंदरे भरून चालली होती. त्याला आळा घालावा, एवढीच मागणी होती. स्टॅनरीच्या चार न्यायालयांनी मिळून त्यांना १६० पौंड दंड ठोठावला आणि लिडफर्डच्या कोठडीत टाकले. तीन आठवडे ते तेथे होते. पार्लमेंटने मग कायदा करून हा दंड रद्द केला आणि सभागृहातील बोलण्याबद्दल सभासदावर खटला चालणार नाही असे ठरवले. १६६७ मध्ये हे तत्त्व सर्व सभासदांना लागू असल्याचे पुन्हा घोषित झाले. भारतीय संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदात खासदाराला जे भाषणस्वातंत्र्य मिळाले आहे, त्याच्या वंशावळीत लिडफर्डची ती कोंदट कोठडी आहे.

कॉर्नवॉलचे टिनर डेव्हनपेक्षा अधिक मानी. सातव्या हेन्रीच्या काळात नवे नियम पाळले नाहीत म्हणून त्यांच्या सनदा गोठवण्यात आल्या, त्यात स्कॉटलंडच्या युद्धाचा कर आला, आणि १४९७ मध्ये मायकल जोसेफ नावाचा लोहार व टॉमस फ्लॅमँक नावाचा वकील हजारो कॉर्निश लोकांना घेऊन लंडनच्या वेशीपर्यंत गेले. ब्लॅकहीथ येथे त्यांचा पाडाव झाला. १५०८ मध्ये राजाने टिनरांना माफी दिली, अर्थात रोकड मोजून घेऊन. आणि चोवीस प्रतिनिधींच्या त्यांच्या सभेला स्टॅनरीविषयीचे नियम नाकारण्याचा अधिकार दिला.

यानंतरचे प्रकरण लिहिताना लेखणी जड होते. १५३९ मध्ये लॉर्ड जॉन रसेल वॉर्डन झाले. त्याच वर्षी टॅव्हिस्टॉकचा बेनेडिक्टाइन मठ आठव्या हेन्रीने बंद केला. दहाव्या शतकात स्थापन झालेला, कथिलाच्या गावातच वसलेला हा मठ. त्याच्या विस्तीर्ण जमिनी रसेल यांच्या घराण्याकडे गेल्या. १५४९ मध्ये बालराजा सहाव्या एडवर्डच्या सरकारने लॅटिन मिस्सा बंद करून इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे केले. डेव्हनमधील सँपफर्ड कोर्टनी या खेड्यात पेंटेकॉस्टच्या रविवारी ते वाचले गेले. दुसऱ्या दिवशी लोकांनी धर्मगुरूंना जुनी वस्त्रे चढवून मिस्सा अर्पण करायला लावली. कॉर्नवॉल तर आधीच पेटला होता. बंडखोरांनी आपल्या मागण्या लिहून काढल्या. त्यांत कॉर्निश लोकांचे म्हणणे होते की आमच्यापैकी काहींना इंग्रजी मुळीच कळत नाही. आणखी एक मागणी अशी की मठांच्या जमिनी ज्याच्या कोणाच्या ताब्यात असतील त्याने त्यांपैकी निम्म्या परत करून प्रत्येक परगण्यात दोन मठ पुन्हा उभे करावेत. हे बंड मोडण्यासाठी पाठवलेला सेनापती कोण? वॉर्डन रसेल, टॅव्हिस्टॉक मठाचे नवे धनी!

बंडखोरांनी एक्झिटरला वेढा घातला. त्यांच्यातील टिनरांनी तटाखाली भुयार खणायला घेतले. शहरात टेनमथचा जॉन न्यूकम नावाचा एक टिनर होता. त्याने पाण्याने भरलेले पातेले जमिनीवर ठेवले, पाणी कोठे थरथरते ते पाहिले आणि भुयाराची जागा नेमकी हेरून ते निकामी केले. वर एक टिनर, खाली दुसरा टिनर. या एका चित्रात त्या वर्षाचे सारे दुःख सामावले आहे असे आम्हांला वाटते. ६ ऑगस्टला रसेल शहरात शिरले. त्याच्या आदल्या दिवशी क्लिस्ट हीथवर बांधून ठेवलेल्या सुमारे ९०० कैद्यांचे गळे चिरल्याचे सांगतात. एक्झिटरच्या सेंट टॉमस चर्चचे धर्मगुरू रॉबर्ट वेल्श यांना मिस्साच्या वस्त्रांसह त्यांच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फाशी देण्यात आले. त्या उन्हाळ्यात काही हजार माणसे गेली.

पुढे सप्टेंबरात दरबारातून रसेल यांना हुकूम आला. लोकांना गोळा करण्यासाठी घंटा वाजवल्या गेल्या होत्या, तेव्हा डेव्हन आणि कॉर्नवॉलमधील चर्चमध्ये सर्वांत लहान तेवढी एक घंटा ठेवून बाकीच्या उतरवाव्यात. टिनरांच्या हातांनी ज्या भूमीतून कथील काढले, त्याच भूमीतील मनोरे टिनरांच्या राखणदाराकरवी मुके करायचे ठरले. आपल्या वसईच्या वाचकांना १७३९ नंतर किल्ल्यातून गेलेल्या घंटांची येथे आठवण झाली तर नवल नाही. त्या घंटा निदान नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, मेणवलीत आजही आहेत.

कॉर्निश लोकांची लॅटिन मिस्साही उरली नाही आणि कॉर्निश भाषेत प्रार्थनापुस्तकही आले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती बोलणारी शेवटची माणसे गेली. याच १५४९ च्या सुमारास विल्टशायरमध्ये एक मूल जन्मले. कॅथलिक श्रद्धेपायी देश सोडून ते रोमला आणि तेथून गोव्याला आले. ते म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स. इंग्रजी राजसत्तेने कॉर्निश माणसाला त्याच्या भाषेत प्रार्थना दिली नाही. त्याच इंग्लंडमधून परागंदा झालेल्या या येशूसंघीयाने १६१६ मध्ये आपल्याला मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ दिले.

रसेलनंतरच्या वॉर्डनांत सर वॉल्टर रॅले हे नाव सर्वांत झगमगते. १५८५ ते १६०३ ते पदावर होते. टिनरांची मजुरी आठवड्याला दोन शिलिंगांवरून चारवर आपल्यामुळे गेली, असे त्यांनी १६०१ मध्ये पार्लमेंटात सांगितले. ही मजुरी त्यांच्या स्वतःच्या कथील-मक्त्याच्या समर्थनार्थ सांगितली होती हेही ध्यानात ठेवावे. मग पद हळूहळू मानापुरते उरले. कॉर्नवॉलच्या टिनरांची सभा १७५३ नंतर भरली नाही. व्हिक्टोरिया राणीचे पती राजपुत्र आल्बर्ट १८४२ पासून मृत्यूपर्यंत वॉर्डन होते, पण त्यापूर्वीच, १८३८ मध्ये, लगडीचा कोपरा तासणे बंद झाले होते. स्टॅनरीचे न्यायालय १८९६ मध्ये रद्द झाले. खाणींना उतरती कळा लागली तेव्हा कॉर्निश खाणकामगार जगभर पांगले. काही आपल्या शेजारच्या कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले. साउथ क्रॉफ्टी ही कॉर्नवॉलची अखेरची कथिलाची खाण १९९८ च्या मार्चमध्ये बंद पडली.

लॉर्ड वॉर्डन मात्र आजही नेमला जातो. डचीच्या मंडळात त्याला आसन आहे. पेरनपोर्थजवळच्या वाळूत गाडले गेलेले संत पिरानचे प्राचीन प्रार्थनागृह २०१४ मध्ये पुन्हा उघडे करण्यात आले. दरवर्षी मार्चच्या आरंभी काळ्या ध्वजावरचा पांढरा क्रूस उंचावीत लोक त्या वाळूच्या टेकड्यांवरून चालत तेथे जातात.