पेट्रा ते वादी रम : पाण्याने आखलेली वाट

दक्षिण जॉर्डनमधील पेट्रा हे प्राचीन नबाती राज्याच्या राजधानीचे शहर आणि वादी रमचे वाळवंट यांच्यातील अंतर सुमारे ११० किलोमीटरचे, म्हणजे मोटारीने जेमतेम दोन तासांचे आहे. बहुतेक प्रवासी या वाटेची दोन टोके पाहतात आणि मधला प्रदेश ओसाड समजून मागे टाकतात. परंतु येथे माणसाने शतकानुशतके वस्ती कशी टिकवली हा प्रश्न मनात ठेवला, तर मधला टप्पा टोकांइतकाच बोलका ठरतो. पेट्राच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडतो, दक्षिणेकडे उतरावे तसा तो ८० मिलिमीटरपर्यंत घटतो, आणि जो पडतो तोही हिवाळ्यातील मोजक्या सरींतून, ओढ्यांना अचानक लोंढे आणून निघून जातो. या लोंढ्यांना अडवणे, वळवणे आणि साठवणे या कौशल्यावरच या वाटेचा सारा इतिहास उभा आहे.

नबाती ही उंटांचे तांडे घेऊन फिरणारी अरब जमात होती. तिचे पहिले सविस्तर वर्णन ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने दिले असून, त्यासाठी त्याने इ. स. पू. ३१२ मधील नबात्यांविरुद्धच्या मोहिमांच्या काळात हयात असलेल्या हायरोनिमस या लेखकाचा आधार घेतल्याचे मानले जाते. त्या वर्णनानुसार धान्य पेरणे, घर बांधणे आणि मद्य पिणे या गोष्टी नबात्यांमध्ये देहदंडास पात्र होत्या, कारण ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही असते त्याला बलाढ्य राजे सहज नमवतात, अशी त्यांची धारणा होती. शत्रू पाठीवर आला की ते वाळवंटात शिरत, आणि तेथे त्यांनी आधीच खोदून ठेवलेली गुप्त टाकी त्यांना तारत: तोंड अगदी अरुंद, आत मात्र खोलीबरोबर रुंदावत जाऊन प्रत्येक बाजू सुमारे तीस मीटरची. पावसाच्या पाण्याने टाके भरले की तोंड बुजवून जमिनीशी सपाट केले जाई आणि फक्त आपल्यालाच ओळखू येईल अशी खूण ठेवली जाई. पाठलाग करणारे सैन्य तहानेने परत फिरे.

हेच लोक पुढील दोन-तीन शतकांत घरे बांधू लागले, राजे झाले आणि त्यांनी पेट्रा वसवले, ही या प्रदेशाच्या इतिहासातील विलक्षण घटना आहे. त्यामागे दक्षिण अरबस्तानातून भूमध्य समुद्राकडे जाणारा लोबान आणि हिराबोळ या सुगंधी डिंकांचा व्यापार होता. रोमन लेखक प्लिनी याच्या नोंदीनुसार दक्षिणेतील थोम्ना नगरापासून गाझापर्यंत उंटांचे ६५ मुक्काम होत आणि वाटेतील कर, चारा, पाणी व पहारा धरून एका उंटामागे ६८८ दिनार खर्च येई. या पैशाचा मोठा वाटा पेट्रात येत असे.

पेट्रात शिरण्याची वाट, म्हणजे 'सीक', ही उंच कड्यांमधील सुमारे १.२ किलोमीटर लांबीची चिंचोळी घळ होय. तिच्या एका बाजूच्या कड्यात कोरीव पन्हळ आहे, तर दुसऱ्या बाजूच्या खोबणीत एकात एक बसवलेले खापरी नळ होते. गाळ खाली बसावा म्हणून मध्ये लहान कुंड्याही ठेवलेल्या आहेत. घळीच्या तोंडाशी बांध घालून पुराचे पाणी खडकात खोदलेल्या बोगद्यातून शेजारच्या ओढ्यात वळवले होते. ही व्यवस्था निकामी झाल्यावर काय होते, हे १९६३ मध्ये दिसले, जेव्हा अचानक आलेल्या पुरात सीकमधील वीसहून अधिक पर्यटक मरण पावले. त्यानंतर त्याच जागी पुन्हा बांध घालण्यात आला. घळीच्या शेवटी समोर येणारा, सुमारे ४० मीटर उंचीचा 'खझना' हा इ. स. पहिल्या शतकातील असून तो चौथा अरेटास (इ. स. पू. ९ ते इ. स. ४०) या राजाची समाधी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. अशी दर्शनी भिंत वेरूळच्या कैलास लेण्याप्रमाणे वरून खाली कोरीत आणली जाई. पेट्रात अर्धवट राहिलेल्या एका समाधीवरून हे तंत्र स्पष्ट होते, आणि पूर्ण झालेल्या शिल्पापेक्षा तेथे कारागिराचा हात अधिक जवळून दिसतो.

पेट्राचा व्यापार ओसरण्याच्या कारणांत महाराष्ट्राच्या किनाऱ्याचाही वाटा आहे. 'पेरिप्लस' या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रावरील ल्यूके कोमे या बंदरातून नबाती राजा मालिखस याच्या पेट्राकडे जाणारी वाट नोंदली आहे, आणि त्याच ग्रंथात पुढे पैठण, तेर आणि कल्याण यांचीही नावे येतात. मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन इजिप्तच्या बंदरांतून थेट भारताकडे जाणारी जहाजे वाढली, तसे वाळवंटातील तांड्यांचे महत्त्व हळूहळू घटले. इ. स. १०६ मध्ये सम्राट ट्राजनने नबाती राज्य रोमन प्रांतात विलीन केले आणि सीरियाच्या सीमेपासून तांबड्या समुद्रापर्यंत नवा फरसबंद रस्ता बांधवला. ३६३ मधील भूकंपाने पेट्राची मोठी हानी केली. तरी शहर तेव्हाच संपले हा समज खरा नाही, कारण १९९३ मध्ये तेथील चर्चमध्ये सापडलेल्या, आगीत कोळसा झालेल्या सुमारे १४० पपायरस गुंडाळ्यांत सहाव्या शतकातील मालमत्ता, वारसा आणि कर यांचे व्यवहार नोंदलेले आहेत.

पेट्राहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता रास अन-नकब येथे पठाराची कड ओलांडून 'हिस्मा' नावाच्या वाळवंटात उतरतो, आणि हमरस्त्यापासून थोडे पश्चिमेला हुमैमा हे गाव लागते. नबाती राजा अरेटास याने वसवलेल्या या गावाला पठाराच्या कडेवरील झऱ्यांचे पाणी शाखांसह सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या दगडी पन्हळीने आणले होते. लाकूड दुर्मिळ असल्याने येथील टाक्यांवर आडव्या दगडी कमानी टाकून त्यांवर फरश्या बसवल्या आहेत. यांपैकी काही टाकी दुरुस्त करून विसाव्या शतकातही बेदुइन मेंढपाळ वापरत होते. वर्षाला ८० मिलिमीटर पावसावर गाव, रोमन छावणी आणि शेतमळे पोसणारी ही रचना, खझन्याची भव्यता मान्य करूनही, नबात्यांची अधिक मोठी कामगिरी मानावी लागते.

सातव्या शतकाच्या अखेरीस प्रेषित मुहंमद यांचे चुलते अब्बास यांच्या वंशजांनी हुमैमा विकत घेतले. दमास्कसच्या उमय्या खलिफांच्या नजरेपासून दूर, तरीही सीरिया आणि हिजाझ यांच्यामधील वाटेजवळ असलेल्या या गावातून त्यांनी दूरच्या खुरासानातील बंडाची सूत्रे हलवली. उत्खननात त्यांच्या वाड्यातून हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्या मिळाल्या आहेत. ७४९ मध्ये याच घरातील अबुल अब्बास खलिफा झाला, आणि हुमैमातच जन्मलेला त्याचा भाऊ मन्सूर याने ७६२ मध्ये बगदाद वसवले. घराणे निघून गेल्यावर हुमैमाचा राजकीय उत्कर्ष संपला.

वादी रममध्ये वालुकाश्माचे कडे अभेद्य ग्रॅनाइटवर उभे आहेत, त्यामुळे मुरलेले पाणी दोन्ही खडकांच्या सांध्यावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. अशाच एका झऱ्याखाली नबात्यांनी अल्लात देवीचे मंदिर बांधले. आसपासच्या खडकांवर सुमारे २०,००० लेख कोरलेले आहेत, आणि त्यांतील बरेचसे वाटसरू व मेंढपाळांची नावे आणि वंशावळी यांपुरतेच मर्यादित आहेत. याच प्रदेशात जमिनीखाली दिसी हा जलसाठा आहे. २०१३ पासून त्याचे पाणी ३२५ किलोमीटर लांबीच्या नळाने राजधानी अम्मानला पुरवले जाते, आणि हा उपसा वर्षाला सुमारे १० कोटी घनमीटरचा आहे. नबात्यांची टाकी त्या-त्या वर्षीच्या पावसाने भरत असत, तर दिसीचे पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या हवामानात मुरलेले असून आजचा पाऊस ते भरून काढू शकत नाही.