तिसऱ्या खेळीचे प्यादे

१९२२ साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत एर्न्स्ट ग्रुनफेल्डने काळ्या मोहऱ्यांनी अलेखिनला हरवले; पाच वर्षांनी जगज्जेता झाला तोच हा अलेखिन. त्या डावातल्या सुरुवातीला आज ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणतात. तीच सुरुवात १८५५ साली कलकत्त्यात खेळली गेली होती. पांढऱ्या बाजूला जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर, काळ्या बाजूला महेशचंद्र बॅनर्जी. स्पर्धा वगैरे नव्हती. दोघे वर्षानुवर्षे एकमेकांशी खेळत आणि त्यांचे शेकडो डाव नोंदले गेले.

महेशचंद्रांनी आधी राजाकडचा घोडा काढला, मग त्या घोड्याच्या घरापुढचे प्यादे एक घर सरकवले. तिथे उंट बसवायचा आणि लांब तिरप्या पट्टीवरून पटाच्या मध्यावर नजर ठेवायची. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, म्हणून ही मांडणी त्यांना सवयीने सुचली, असे सांगितले जाते. मला हे अर्धेच पटते. कारण तिसऱ्या खेळीला त्यांनी वजिरापुढचे प्यादे चांगले दोन घरे पुढे टाकले. देशी पटावर ही चालच नाही! विलायती नियम शिकून, त्याचा फायदा घेऊन केलेला हा विचार आहे; आणि ग्रुनफेल्डच्या बचावाचा जीव नेमका याच खेळीत आहे.

डाव महेशचंद्र हरले. पण दोष सुरुवातीचा नव्हे. सोळा खेळ्यांपर्यंत मोहरी समसमान होती. चौदाव्या खेळीला मात्र त्यांनी किल्लेकोटातला हत्ती बाजूला घेतला आणि राजाशेजारचे प्यादे एकट्या राजाच्या राखणीत उरले. कॉक्रेनचा घोडा तिथेच घुसला. मग घोडा हलताच दुहेरी शह, वजिराचे बलिदान आणि आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात.

याच जोडीच्या १८४८ सालच्या एका डावात कॉक्रेनने चौथ्याच खेळीला घोडा देऊन टाकला होता. त्या प्रकाराला ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणतात. महेशचंद्रांच्या खेळाला १८८४ पासून छापील लेखनात ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव दिसते; माणसाचे नव्हे, देशाचे.