देवी काढल्या, पण भीती राहिली

सांगलीकडच्या कुठल्याही आजींच्या दंडावर गोल वण दिसेल. विचारलं की म्हणतात, ‘लहानपणी देवी काढल्या होत्या.’ रोगाचं नाव देवी आणि लस टोचणं म्हणजे देवी काढणं. भाषेनं लस सहज पचवली. माणसांना मात्र वेळ लागला, आणि त्याला कारणं होती.

भारतात देवीची पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी टोचली गेली, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा लस साठवायची सोय नव्हती. एका मुलाच्या दंडावर फोड आला की साधारण आठव्या दिवशी त्यातला द्रव काढून दुसऱ्या मुलाला टोचायचा. आपल्या लेकराचा फोड कोणती आई फोडू देईल? त्यात तो द्रव कोणत्या जातीच्या अंगातला, हाही प्रश्न होताच. दुसऱ्याचा रोग आपल्याला लागेल ही भीतीसुद्धा निव्वळ खुळी नव्हती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पण त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घरांत घुसून रोगी शोधत होते. सक्ती घरझडतीची होती, तरी सरकारकडून आलेली सुई लोकांना त्याच सरकारची वाटली.

पुणे-मिरज लोहमार्गावर पुढे हुबळी लागतं. तिथे १८९८ मध्ये हजारो लोकांनी हीच लस घेतली. लस घेतलेले कमी दगावतात, हे तिथे लोकांच्या डोळ्यांसमोर होतं.

मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वातानं गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसायला १९०७ उजाडलं. एक बाटली बिघडली आणि सगळी लसच बदनाम झाली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही चूक सापडली की दुरुस्ती पाठवतो. विश्वासाची दुरुस्ती इतक्या लवकर होत नाही.

२०२१ मध्ये कोरोनाची लस आली तेव्हा व्हॉट्सॲपवर अफवांचं पीक होतं. त्या खोडायलाच हव्यात. पण द्राक्षबागेत रोजानं जाणाऱ्या बाईला दोन दिवस ताप म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडाला. तिची शंका अफवेतून आलेली नाही. तिला अडाणी म्हणण्याआधी एवढं विचारावं: ताप आला तर घरी कोण बघेल, आणि बुडालेला रोज कोण देईल? याचं उत्तर घेऊन गेलं, तर सुईबद्दलचं पुढचं बोलणं ती ऐकेल.