निवडून आलेला माणूस कुणाचा? महाड-पोलादपूरची शंभर वर्षे

आजचा विषय आहे महाड मतदारसंघाचा इतिहास. विधानसभेच्या यादीत हा १९४ क्रमांकाचा मतदारसंघ. महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके पूर्ण, आणि माणगाव तालुक्याचा काही भाग. खाली सावित्री-गांधारीच्या काठी बाजारपेठेचं शहर, बिरवाडीकडे एमआयडीसीचे कारखाने, आणि वर पोलादपूरच्या डोंगरउतारावरच्या वाड्या. तिथल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला. मतदानाला चाकरमानी कसे गावी येतात, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको.

कोण किती मतांनी आलं आणि कोण पडलं, ही यादी मी वाचणार नाही. ती कुठेही मिळते. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे मला या इतिहासात एक प्रश्न दिसतो. निवडून आलेला माणूस नेमका कुणाचा असतो? ज्यांनी मत दिलं त्यांचा, ज्या पक्षाने तिकीट दिलं त्याचा, की स्वतःच्या विवेकाचा? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण या मुलखाने तो तीनदा पाहिला, आणि त्यातल्या दोन वेळा प्रकरण कोर्टात गेलं.

पहिली वेळ चवदार तळ्याची. ती कथा आपल्याला माहीत आहे, पण ती निवडणुकीची कथाही आहे, हे आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने चालणारी पाणवठ्यांसारखी सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून स्वतःचा ठराव केला आणि चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर काम झालं. तळ्यावर मात्र कुणी अस्पृश्य माणूस पाणी भरू शकला नाही. तीन वर्षं ठराव दप्तरात पडून राहिला.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांनी नवा कायदा मागितला नव्हता. निवडून आलेल्या सभेने जे ठरवलं होतं, तेच त्यांनी केलं. त्यानंतर गावात त्यांच्यावर हल्ले झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख बघा, बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती.

आता विचार करा, नगरपालिकेने ठराव का फिरवला? कारण त्या काळी मत सर्वांना नव्हतं. कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या थोड्या लोकांना ते होतं. सदस्यांना उद्या ज्यांच्या दारात मत मागायला जायचं होतं, त्यांची नाराजी त्यांना दिसत होती. तळ्यावर चालत गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे मतच नव्हतं. म्हणजे सदस्य आपल्या मतदारांशी इमानदार राहिले, आणि गावावर अन्याय केला. मतदार आणि जनता यांच्यात जेव्हा एवढं अंतर असतं, तेव्हा प्रतिनिधीची इमानदारीच घातक ठरू शकते.

पण त्याच महाडात सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस होते. नगरपालिकेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, जातीने सवर्ण, आणि तरीही या लढ्यात आंबेडकरांच्या बाजूने ठाम उभे. डिसेंबर १९२७ मध्ये गावातल्या सवर्णांनी तळ्याबद्दल दावा लावला. तो चालत चालत उच्च न्यायालयात पोचला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी दावेदारांना सिद्ध करता आली नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नव्या प्रांतिक विधानसभेची निवडणूक झाली होती. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सर्वसाधारण जागांवरही काही उमेदवार उभे केले. कुलाबा जिल्ह्यातून टिपणीस निवडून आले. त्यामागे खोती होती. खोताच्या जमिनीवर राबणारं कूळ कुणबी असो, आगरी असो की महार, गाऱ्हाणं एकच होतं. त्याच सप्टेंबरात आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. खोती प्रत्यक्षात कायद्याने गेली ती १९४९ साली. दहा वर्षांपूर्वी गावाने ज्याला परका ठरवलं, त्या विचाराचा माणूस त्याच जिल्ह्याने निवडून दिला. मताचा हक्क थोडासा रुंदावला आणि पोटाचा प्रश्न समोर आला, की असं होऊ शकतं.

दुसरी वेळ १९५६ ची. महाड तालुक्यात, रायगडाच्या वाटेवर नाते नावाचं गाव आहे. चिंतामणराव देशमुख तिथले जन्मलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. प्रौढ मताधिकाराच्या पहिल्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. १९५६ च्या जुलैत मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. हा माणूस लोकांच्या चळवळीतून आलेला नव्हता, सनदी नोकरीतून आला होता. तरी पक्ष एकीकडे आणि ज्यांनी पाठवलं ते लोक दुसरीकडे, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, कुलाब्याने काँग्रेसला नाकारून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत निवडून दिले.

इथे एडमंड बर्कची आठवण होते. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने सांगितलं की मी तुमचा निरोप्या नाही, माझी विवेकबुद्धी तुमच्या सेवेला आहे. सहा वर्षांनी ब्रिस्टलमध्ये हार समोर दिसू लागली, तेव्हा त्याने माघार घेतली. विवेकाची किंमत असते, आणि ती मतदार वसूल करतात. देशमुखांचं वेगळेपण असं, की त्यांचा विवेक आणि लोकांची भावना त्या क्षणी एका बाजूला होत्या. असं रोज घडत नाही.

तिसरी वेळ आपल्या डोळ्यांसमोरची. नव्वदच्या दशकात महाड शिवसेनेकडे वळलं, प्रभाकर मोरे आमदार झाले. २००४ मध्ये राष्ट्रवादीचे माणिक जगताप आले. २००९ पासून २०२४ पर्यंत सलग चार वेळा भरत गोगावले. आणि जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा एकनाथ शिंदे गटाने प्रतोद म्हणून नेमलं ते याच गोगावल्यांना. महाडचा आमदार एकदम घटनापीठापुढच्या वादाच्या मध्यभागी आला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे; म्हणून गोगावल्यांना अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी मूळ पक्ष शिंदे गटाचाच, असं ठरवून त्यांची नेमणूक वैध धरली. पुढची निवडणूक गोगावले जिंकले आणि मंत्री झाले. त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या माणिक जगतापांच्या कन्या स्नेहल जगताप. त्या आधी काँग्रेसच्या नगराध्यक्षा, मग ठाकरे सेनेच्या उमेदवार, आणि २०२५ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीत.

कोण बरोबर, हे मी सांगणार नाही. तो तुमचा निर्णय. माझा मुद्दा एवढाच, की या सगळ्या वादात प्रश्न होता आमदार कोणत्या पक्षाचा. पक्षांतरबंदी कायद्याने १९८५ पासून प्रतिनिधीला पक्षाशी बांधलं. मतदाराशी बांधणारं कलम त्यात नाही. २०२१ च्या जुलैत महाड शहर पाण्याखाली गेलं, तळीयेची दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याआधी २०१६ मध्ये सावित्रीवरचा पूल वाहून गेला होता. दरडीखालच्या वाडीचं पुनर्वसन झालं की नाही, हे विचारणारा प्रतोद कुठल्याच पक्षात नसतो.

तो प्रतोद मतदारानेच व्हायचा असतो. १९२७ मध्ये ज्यांना मत नव्हतं, त्यांनी निवडून आलेल्या सभेला तिच्याच ठरावाची आठवण करून दिली, तीही पायी चालून. आज मत सर्वांना आहे. आमदार यापुढे गावात आले की ते कोणत्या गटात आहेत, हे विचारू नका, ते पेपरात येतं. सभेने केलेला एखादा ठराव, मंजूर झालेली एखादी योजना नावानिशी विचारा, आणि ती आपल्या वाडीपर्यंत का आली नाही, हे विचारा. उत्तर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तेच विचारायचं आहे.

इथे थांबतो.