निःशस्त्र बचावाची विद्या आणि तिची कसोटी : आयकिदो, बिनोट व कुस्ती

घोड नदीच्या खोऱ्यातील मंचर आणि त्याच्या उत्तरेस शिवनेरीच्या पायथ्याशी वसलेले जुन्नर यांच्या परिसरात ग्रामदैवतांच्या यात्रांना कुस्त्यांच्या आखाड्यावाचून पूर्णता येत नाही. आखाड्याभोवती बसलेला शेतकरी प्रेक्षक डावाचे सौंदर्य जाणतो. परंतु त्याचे पहिले लक्ष असते ते खालच्या मल्लाने खरोखर प्रतिकार केला की नाही याकडे. तशी शंका आली की ‘नुरा कुस्ती’ हा शब्द उच्चारला जातो आणि बक्षिसाची रक्कम कितीही मोठी असली तरी त्या विजयाला किंमत उरत नाही. जपानी आयकिदो प्रत्यक्ष आत्मसंरक्षणास उपयोगी पडतो काय, या बहुचर्चित प्रश्नाचा विचार बहुधा डावांच्या गुणावगुणांवरून केला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर यात्रेतील प्रेक्षकाच्या या जुन्या निकषाशी अधिक निगडित आहे.

आयकिदोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी १९१५ मध्ये होक्काइदो बेटावर सोकाकु ताकेदा यांच्याकडून दाइतो-र्यू ही जुजुत्सूची परंपरा आत्मसात करण्यास आरंभ केला. रुसो-जपानी युद्धात सैनिक म्हणून भाग घेतलेल्या या मनुष्याने पुढे ओमोतो पंथाच्या प्रभावाखाली त्या विद्येला आध्यात्मिक वळण दिले. ‘आयकिदो’ हे नाव १९४२ मध्ये रूढ झाले. प्रतिपक्ष्याचा वेग त्याच्यावरच उलटविणे, मनगट व कोपर यांच्या सांध्यांवर ताबा मिळविणे आणि त्यास शक्यतो इजा न करता भूमीवर आणणे हे तिचे सूत्र होय. उएशिबांना स्पर्धा मान्य नव्हती. त्यामुळे सराव जोडीने होतो, आणि त्यात हल्ला करणाऱ्याने ठरलेला हल्ला करून ठरल्याप्रमाणे पडावयाचे असते. यास नुरा कुस्ती म्हणणे अन्यायाचे होईल, कारण येथे कोणाची फसवणूक नाही; पडण्याची कला हीदेखील शिक्षणाचाच भाग आहे. तथापि निकाल आधीच ठरलेला असणे हे दोहोंत समान आहे, हे नाकारता येत नाही.

महाराष्ट्रीय परंपरेत या विद्येशी सर्वांत निकटचे नाते सांगणारी कला म्हणजे बिनोट. सशस्त्र प्रतिस्पर्ध्यापुढे निःशस्त्र वा अल्पशस्त्र मनुष्याने करावयाचा बचाव, असे तिचे स्थूल स्वरूप सांगता येईल. बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायाममंदिराची परंपरा त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी वाढविली आणि त्याच नगरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत देशी व्यायाम व शस्त्रविद्या यांची नोंद करून ठेवली. हा ग्रंथोद्योग विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांतला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातातील शस्त्रावर परवान्याचे बंधन आले. पट्टा, भाला, जंबिया यांच्याशी गाठ पडण्याचा नित्याचा प्रसंगच उरला नाही. ज्ञानकोश छापला गेला तेव्हा दांडपट्टा मिरवणुकीत शिरला होता आणि बिनोट प्रात्यक्षिकांच्या कार्यक्रमात. चित्रांत हल्लेखोराचा हात उगारलेल्या अवस्थेत स्थिर असतो. दुसरा वार तो करीत नाही. विद्या जिवंत ठेवल्याबद्दल या मंडळींचे ऋण मोठे आहे, परंतु प्रात्यक्षिकात टिकलेली विद्या आणि प्रसंगात टिकणारी विद्या यांत जे अंतर पडते ते येथे स्पष्ट दिसते.

हे अंतर जुन्या शिक्षकांना ठाऊक नव्हते असे मात्र नाही. घोडेस्वाराच्या भाल्याचा सराव बोथाटीने होत असे : वेळूच्या लांब दांड्याच्या टोकास पात्याऐवजी कापडाने मढविलेला गोळा. तलवारीसाठी फरीगदगा होता; चामड्याने मढविलेली काठी आणि लहान ढाल घेऊन दोघे परस्परांवर वार करीत. दोन्हींचे प्रयोजन एकच. शस्त्राची धार काढून घेतली म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा हेतू खरा ठेवता येतो. धार कायम ठेवली तर हेतू खोटा करावा लागतो. कुस्तीत तर शस्त्रच नाही, म्हणून तेथे प्रत्येक डावाला तोड आहे आणि पहिल्या खडाखडीपासून दोघांचे बळ खरे असते. (मल्लखांबाचा निर्जीव जोडीदार हा अर्थातच निराळा प्रकार, तो अंग तयार करतो, प्रतिकार शिकवीत नाही.) परंतु कुस्तीच्याही मर्यादा आहेत. ती भुसभुशीत तांबड्या मातीत, एकाच एकाशी, रिकाम्या हातांनी होते. दगडी रस्त्यावर प्रतिपक्ष्याला घेऊन खाली जाणारा मल्ल त्याच्या दुसऱ्या साथीदारास आपली पाठ देतो, आणि जवळच्या पकडीत दडविलेला सुरा त्याला दिसत नाही.

अशाच एका पकडीचा वृत्तान्त महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वपरिचित आहे. १६३० मध्ये शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट घेतली, तेव्हा सभासदाच्या बखरीनुसार खानाने त्यांची मान काखेत धरून कुशीत जमदाड चालविली. शस्त्रांच्या तपशिलाबाबत साधनांत एकवाक्यता नाही. पण आत्मसंरक्षणाच्या दृष्टीने प्रसंगाचा सांगाडा पुरेसा स्पष्ट आहे. पहिला वार चुकविता आला नाही. तो अंगातील चिलखताने अडविला. खानाची पकड मनगट पिरगाळून सुटली नाही. वाघनख व बिचवा यांच्या प्रहारांनी सुटली. नंतर सय्यद बंडा पट्टा घेऊन धावला, तेव्हा त्याचा हात जिवा महालाने तोडला. म्हणजे धिप्पाड माणसाच्या मिठीत सापडलेल्या, तयारीच्या मनुष्याला ज्या तीन गोष्टींनी तारले त्या अशा : आधी ओळखलेला धोका, अंगावरचे कवच व दडविलेले शस्त्र, आणि हाकेच्या अंतरावरील सोबती. डाव असलाच तर तो या तिहींनंतर येतो. प्रतापगडाची कथा आजच्या आत्मसंरक्षणाच्या वर्गांत शौर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती पूर्वतयारीचे उदाहरण म्हणून सांगितली जाणे अधिक योग्य होईल.

विसाव्या शतकातील एक परदेशी अनुभव याच दिशेने जातो. शांघायच्या पोलिसदलात १९०७ पासून नोकरी केलेले विल्यम फेअरबेर्न हे जुजुत्सूचे रीतसर शिक्षण घेतलेले अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना शिकविण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नाजूक डाव बाजूस सारून अंगाला घाम फुटलेला, घाबरलेला मनुष्यही करू शकेल असे मोजके आघात निवडले. उलट उएशिबांचे शिष्य गोझो शिओदा यांच्या योशिनकान शाखेचे शिक्षण टोकियोच्या पोलिसांच्या दंगल-नियंत्रण पथकातील अधिकाऱ्यांना दिले जाऊ लागले. या दोन गोष्टींत विरोध नाही. पोलिसास आपला जीव वाचविण्याइतकेच समोरच्यास इजा न करता आवरावयाचे असते. आणि त्याच्याजवळ काठी, सहकारी व अधिकार ही तिन्ही असतात. मंचरच्या बाजारातून रात्री एकट्याने घरी परतणाऱ्यास यांपैकी काहीच नसते. त्याला सुटून पळावयाचे असते.

येथे कायद्याचाही विचार करणे भाग आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलमे ९६ ते १०६ यांत खाजगी बचावाचा हक्क मान्य केला होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलमे ३४ ते ४४ यांत आला आहे. बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक हानी करू नये, ही मर्यादा दोन्ही ठिकाणी आहे. सांध्यावरील ताबा कमी-अधिक करता येतो, हा आयकिदोचा गुण या मर्यादेत निश्चितच मोलाचा ठरतो. दारू पिऊन अंगावर आलेल्या नातलगास आवरताना फेअरबेर्न यांचे आघात निरुपयोगीच नव्हे तर घातक होतील.

आयकिदोच्या अंतर्गतच या प्रश्नाची चिकित्सा झाली, ही गोष्ट टीकाकार पुष्कळदा विसरतात. केंजी तोमिकी (१९००–१९७९) हे जुदोचे प्रवर्तक जिगोरो कानो आणि उएशिबा या दोघांचेही शिष्य. १९५८ मध्ये वासेदा विद्यापीठात त्यांनी आयकिदोचे मंडळ सुरू केले आणि गुरूंना अमान्य असलेली स्पर्धा त्यात आणली. एकाच्या हाती मऊ, बोथट सुरा. त्याने खरोखर भोसकण्याचा प्रयत्न करावयाचा. दुसऱ्याने निःशस्त्र राहून तो चुकवावयाचा व डाव साधावयाचा. काही वेळाने सुरा दुसऱ्याच्या हाती. तत्त्वतः ही बोथाटीच होय. अशा मुक्त लढतीच्या पायासाठी विपुल डावांतून तोमिकींनी निवडले ते केवळ सतरा.