आपल्या दारातली गोदी



रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी समितीने मला ‘आपल्या माझगावविषयी काहीतरी’ लिहायला सांगितलं. आयुष्याची बत्तीस वर्षं मी गोदीत टॅली क्लार्क म्हणून काढली. तेव्हा गोदीशिवाय दुसरं काय लिहिणार?

माझगाव हे मूळ सात बेटांपैकी एक. आधी पोर्तुगीज, मग इंग्रज. कोळ्यांची वस्ती मात्र दोघांच्याही आधीची. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उघडला, त्यानंतर व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. कापूस बाहेर जाई, यंत्रं आणि कापड आत येई. माल उचलायला माणसं लागत. ती घाटावरून आणि कोकणातून आली. आपल्या इमारतीतल्या कितीतरी घरांची मुंबईतली पहिली कमाई या धक्क्यावरची आहे.

कोकणची माणसं यायची भाऊच्या धक्क्यावरून. १७ जुलै १९४७ ला त्याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. आमच्या गावाकडे म्हातारी माणसं पावसाळ्यात बोटीचं नाव निघालं की अजून गप्प होतात.

त्याआधी १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा, त्याच्याच सोबत कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसाने पेट घेतला, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं मेली, त्यात आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी भीमजयंतीची मिरवणूक असते. मुलांना दोन्ही सांगा.

आता गोदीचं काय झालं? १९८९ मध्ये पलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे वळले. कंटेनर आला की गोणी उचलणारा पाठीवरचा माणूस नको, आणि गोण्या मोजणारा माझ्यासारखाही नको. मी नोकरीला लागलो तेव्हा पाळी सुटली की रस्त्यावर चालायला जागा नसायची. निवृत्तीच्या वेळी आमच्या शेडमध्ये कबुतरंच जास्त होती. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या तर भराव घालून बुजवल्या.

पण सगळंच संपलं असं नाही. माझगाव डॉकमध्ये १९७२ ची ‘निलगिरी’ युद्धनौका बांधली गेली, पुढे ‘कलवरी’ पाणबुडी, आणि काम चालूच आहे. इंदिरा डॉकमधून मोटारगाड्या परदेशी जातात. धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव होतो. मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो आहे. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात आणि २०२४ पासून त्यांच्या डोक्यावरून अटल सेतू जातो.

बंदराच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर काय उभं राहणार, याच्या योजना वर्षानुवर्षं ऐकतोय. बागा होवोत, रस्ते होवोत, आनंद आहे. पण ज्यांच्या घामावर ही जमीन उभी राहिली, त्या गोदी कामगारांच्या नातवंडांना तिथे घर परवडेल का, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल. टॉवर बांधणारा तो विचारणार नाही.

म्हणून एक सुचवतो. आपल्या सोसायटीत ज्यांच्याकडे आजोबांचा गोदीचा पास, हातातला आकडा, जुना फोटो असेल, त्यांनी तो महोत्सवाच्या दिवशी ऑफिसात आणावा. एक टेबल मांडू. कुठला धक्का, कुठली पाळी, टोळीत कोण कोण, हे मी शेजारी बसून लिहून घेईन. मोजून नोंद करायची सवय अजून गेलेली नाही.